सोसायटीतल्या काकांना अॅम्ब्युलन्समधून नेताना पाहिलं, तेव्हापासून मुलगी घाबरलीये

अबोली_ठाणे (जुलै २०२०)
मुलगी ७ वर्षांची, दुसरीत आहे. समोरच्या विंगमधले काका कोरोना पॉझिटिव्ह आले, पीपीई किटमधली माणसं त्यांना न्यायला आली ते हिने खिडकीतून बघितलं आणि नंतर विंग सील झाली. तेव्हापासून खिडकीकडे फिरकत नाही, रात्री माझा गाऊन मुठीत धरून झोपते, मधूनच अंथरूण ओलं होतं, जे कधीचं बंद झालेलं. नवरा बँकेत आहे त्यामुळे त्याला रोज जावंच लागतं, तो आला की सरळ आंघोळीला जातो आणि ही दाराबाहेरून विचारते बाबा तुला झाला का. दिवसभर बाहुल्यांना टिश्यूचे मास्क लावायचे आणि एकीला पिशवीत घालून "न्यायचं", हाच खेळ. सासूबाई म्हणतात विषयच काढू नका, विसरेल. मला ते पटत नाहीये. खेळ बंद करू का?

बालवाडीताई
अजिबात बंद करू नका!! मुलांना जे बोलता येत नाही ते खेळात बाहेर येतं. शेजारी बसा आणि विचारा, हिला कुठे नेलं, तिथे जेवायला काय देतात, घरी कधी येणार. नेलेली बाहुली परत येऊ दे, पण तुम्ही घाई करून आणू नका, तिला आणू दे. आणि सासूबाईंचं मन राखून सांगते, न बोलल्याने मुलं विसरत नाहीत, मनातल्या मनात जास्त भयंकर काहीतरी रचतात. काका कसे आहेत आता? बरे असतील तर व्हिडिओ कॉल लावून द्या, ते चहा पिताना दिसले तर तुम्ही कितीही समजावलंत त्यापेक्षा जास्त फरक पडेल.

रात्रपाळी
मी हॉस्पिटलमध्ये आहे, रोज तोच किट घालते. तिला सांगा आत आपल्यासारखीच ताई-दादा असतात, त्यांना आजार लागू नये म्हणून तो पोशाख. आमच्याकडे काही जणी किटवर पेनाने नाव लिहितात आणि हसरा चेहरा काढतात, म्हणजे पेशंटला कळतं आत कोण आहे. तिच्याकडून तसं चित्र काढून घ्या. "बाबाला काही होणार नाही" असं वचन मात्र देऊ नका, उद्या साधा ताप आला तरी तुमच्यावरचा विश्वास जाईल. बाबा मास्क लावतो, हात धुतो, आजारी पडला तर डॉक्टर आहेत आणि तुझ्याजवळ आई आजी आहेतच, इतकं खरं खरं सांगा. अंथरूण ओलं झालं तर रागवू नका, चादर बदलून मोकळं व्हा, भीतीने होतं असं, बहुतेक मुलांचं हळूहळू थांबतं.

कोकणी_बाबा
आमच्याकडे दिवसभर न्यूज चॅनल चालू असायचं, ते आकडे ऐकून मुलगा जेवेना. आता आईबाबा हेडफोन लावून बघतात. यंदा गणपतीला गावी जाता येणार नाही म्हणून तो खूप रडला, आम्ही रडू दिलं. मग शाडू आणला, घरच्या मूर्तीला यंदा २ फुटांची मर्यादा आहे, आमची वीतभर होईल, सोंड रोज मोडते आणि तो रोज नवीन लावतो. हाताला काम मिळालं की रात्री झोप लागते बघा. ऑनलाइन शाळेचंही बघा, केंद्राच्या प्रज्ञाता सूचनांमध्ये पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोनच सेशन आहेत, शाळा जास्त ताणत असेल तर बोला.

अबोली_ठाणे
खूप धन्यवाद सगळ्यांना 🙏 काका घरी आलेत, त्यांच्या सुनेला मेसेज केलाय. असंच चालू राहिलं तर कुणाला दाखवायचं?

रात्रपाळी
खाणं-झोप दोन-तीन आठवड्यांत रुळावर आली नाही, खेळणं सुटलं, किंवा लघवीला जळजळ, ताप असं काही दिसलं तर आधी तुमच्या मुलांच्या डॉक्टरांना फोन करा. बोलायला निम्हान्सची (बंगळुरूची मानसिक आरोग्य संस्था) हेल्पलाइन आहे ०८०-४६११०००७, चाइल्डलाइन १०९८ पण २४ तास चालू असते. मुलीलाच बोलायला हवं असं नाही, तुम्हीही करू शकता.

बालवाडीताई
आणि बाबाला सांगा, आंघोळ करताना आतून मोठ्याने गाणं म्हणायचं, तिला बाहेर ऐकू येईल असं. आंघोळ झाली की आधी तिला उचलून घ्यायचं, चहा नंतर.