शब्दचर्चा : ‘वॉरगेम्स’मधला मुलगा हॅकर, घुसखोर की संगणकचोर?

प्रश्न

आमच्या वाचनालयात आठवी-नववीच्या मुलांना ‘वॉरगेम्स’ हा चित्रपट दाखवायचे ठरले आहे. जॉन बॅडम यांनी दिग्दर्शित केलेला हा अमेरिकन चित्रपट जून १९८३ मध्ये प्रदर्शित झाला. मुलांसाठी मी त्याचे दोन पानी परिचयपत्रक लिहिले. छपाईआधी ते तपासून परत आले, तेव्हा ‘हॅकर’ हा शब्द प्रत्येक ठिकाणी लाल शाईने खोडून त्यावर ‘संगणकचोर’ असे लिहिलेले होते आणि समासात ‘मराठी शब्द असताना इंग्रजी कशाला?’ अशी विचारणा होती. मराठी शब्दांचा आग्रह मलाही आहे; पण ही दुरुस्ती मला पटली नाही, आणि का पटली नाही हे नेमके सांगताही आले नाही, म्हणून प्रश्न येथे मांडत आहे.

चित्रपट न पाहिलेल्यांसाठी कथा थोडक्यात सांगतो. सिअ‍ॅटलमध्ये राहणाऱ्या डेव्हिड लाइटमन या शाळकरी मुलाच्या खोलीत आयएमएसएआय ८०८० हा संगणक आहे. टेलिफोनचा रिसीव्हर उचलून मोडेमच्या दोन रबरी वाट्यांत बसवला, की संगणकाचे म्हणणे आवाजाच्या रूपाने तारेवरून पलीकडे जाते. एका कंपनीचे अजून बाजारात न आलेले खेळ हाती लागावेत म्हणून डेव्हिड कॅलिफोर्नियातल्या सनीवेलचे टेलिफोन क्रमांक संगणकाकडून एकामागून एक फिरवून घेतो आणि ज्या क्रमांकावर पलीकडून संगणक उत्तर देतो, ते टिपून ठेवतो. त्यांतला एक क्रमांक ‘व्हॉपर’ या लष्करी संगणकाचा निघतो, ज्याचे काम अण्वस्त्रयुद्धाचे डाव अखंड मांडत राहणे हे आहे. मुलगा तिथल्या यादीतला युद्धाचा ‘खेळ’ निवडतो, आणि कोलोरॅडोतल्या शाएन पर्वताच्या पोटात असलेल्या हवाई संरक्षण केंद्रात खरोखरच क्षेपणास्त्रे निघाल्याची चिन्हे पडद्यावर दिसू लागतात.

या मुलाला मराठीत काय म्हणावे? त्याच्याबरोबर आणखी दोन शब्द अडले आहेत. ‘बॅकडोअर’, म्हणजे संगणकप्रणालीत शिरण्याची छुपी वाट, यासाठी मी ‘मागचे दार’ लिहिले होते, पण ते फारच घरगुती वाटते. आणि ‘पासवर्ड’ला ‘परवलीचा शब्द’ म्हटले तर आजच्या मुलांना त्याचा अर्थ लागेल का?

पहिला प्रतिसाद

‘संगणकचोर’ हा शब्द आधी बाजूला ठेवू. मराठीत ‘चोर’ उत्तरपदी आला, की पूर्वपद बहुधा चोरीला गेलेली वस्तू सांगते. पाकीटचोर पाकीट चोरतो, वीजचोर वीज चोरतो. ‘कामचोर’ हा अपवाद वाटला, तरी तोही काम चुकवूनच चोर ठरतो. ‘संगणकचोर’ ऐकताच मुलांच्या मनात संगणक उचलून नेणारा माणूस उभा राहील. डेव्हिड तर स्वतःच्या खोलीतून हललेलाही नसतो आणि पलीकडचे काहीही तिथून नाहीसे झालेले नसते.

‘घुसखोर’ अर्थाच्या अधिक जवळ जातो, कारण परवानगीवाचून आत शिरणे ही कृती तो बरोबर सांगतो. पण या शब्दाला दोन ओझी आहेत. एक म्हणजे ‘-खोर’ हा फारसीतून आलेला प्रत्यय. मूळ अर्थ ‘खाणारा’ असला, तरी मराठीत तो लाचखोर, भांडखोर, चुगलखोर असा दोषाची सवय दाखवत येतो. दुसरे म्हणजे सीमेचा संदर्भ. १९९९ च्या कारगिल युद्धाच्या काळात ‘घुसखोर’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत रोज होता आणि तेव्हापासून तो ऐकला, की शत्रूच्या बाजूने आलेला माणूसच डोळ्यांपुढे येतो. चित्रपटात डेव्हिडला पकडून नेल्यावर त्याची चौकशी करणाऱ्यांना हेच वाटत असते, की तो सोव्हिएत संघासाठी काम करीत असला पाहिजे. त्यांच्या तोंडी ‘घुसखोर’ हा शब्द शोभेल. परिचयपत्रक लिहिणाऱ्याने मात्र त्यांचा संशय स्वतःच्या शब्दात घेऊ नये.

आता ‘हॅकर’. या शब्दाची मूळ जात गुन्हेगारीची नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये आगगाड्यांच्या प्रतिकृतींचा छंद असणाऱ्या विद्यार्थ्यांचे एक मंडळ होते. १९५० च्या दशकात त्या मंडळात रुळांखालच्या विद्युतजोडण्यांशी तासन्तास झटापट करून काही अनपेक्षित, चतुर जोडणी साधणे याला ‘हॅक’ म्हणत. पुढे हीच मुले संगणकांपाशी बसू लागली आणि शब्द त्यांच्याबरोबर गेला. या अर्थाला मराठीत उत्तम शब्द आहेत: खटपट, करामत, क्लृप्ती, आणि असे करणाऱ्याला आपण ‘खटपट्या’ म्हणतो. जुना रेडिओ उघडून बसणारा, बंद पडलेले घड्याळ खोलून पाहणारा, घरच्यांच्या थोड्या कौतुकाचा आणि थोड्या धास्तीचा विषय असलेला मुलगा म्हणजे खटपट्या. चित्रपटाच्या पूर्वार्धातला डेव्हिड अगदी असाच आहे.

अर्थ बदलण्यात या चित्रपटाचाही हात आहे. तो प्रदर्शित झाला त्याच उन्हाळ्यात मिलवॉकीमधल्या काही तरुणांनी लॉस अ‍ॅलामॉस या अण्वस्त्र-संशोधन प्रयोगशाळेच्या आणि न्यूयॉर्कमधल्या एका कर्करोग रुग्णालयाच्या संगणकांत प्रवेश मिळवल्याचे उघड झाले. त्यांच्या गटाचे नाव त्यांच्या भागाच्या टेलिफोन संकेतांकावरून ‘४१४’ असे पडले होते. सप्टेंबर १९८३ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे या विषयाची सुनावणी झाली, तेव्हा ‘वॉरगेम्स’मधला एक भाग दाखवण्यात आला. अध्यक्ष रेगन यांनी तो चित्रपट जूनमध्येच पाहून असे खरेच होऊ शकते का, असे सेनाधिकाऱ्यांना विचारले होते आणि परिस्थिती समजुतीपेक्षा वाईट असल्याचे उत्तर त्यांना मिळाले होते. वर्तमानपत्रांनी अशा मुलांसाठी ‘हॅकर’ हा शब्द उचलला आणि तो त्यांनाच चिकटला. जुन्या अर्थाचे अभिमानी लोक इतके व्यथित झाले, की त्यांनी कुलपे फोडणाऱ्यांसाठी ‘क्रॅकर’ हा वेगळा शब्द सुचवून पाहिला, पण तो सर्वसामान्यांत रुजला नाही.

आपल्याकडच्या कायद्याचा अनुभवही येथे उपयोगी आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ६६ चे शीर्षकच मुळात संगणकप्रणालीचे ‘हॅकिंग’ असे होते. २००८ च्या दुरुस्तीने, जी ऑक्टोबर २००९ मध्ये अमलात आली, तो शब्द काढला गेला आणि ‘संगणकविषयक अपराध’ अशा आशयाचे शीर्षक आले. कृतीचे वर्णन करायचे असेल तर तिला कृतीचेच नाव द्यावे, हे कायद्यालाही पटले, असे मी समजतो. म्हणून माझे मत असे: व्यक्तीसाठी ‘हॅकर’ ठेवावा, आणि परवानगीवाचून शिरण्याच्या कृतीसाठी ‘घुसखोरी’ वापरावी. ‘घुसखोरी’ एखाद्या प्रसंगापुरती असू शकते. ‘घुसखोर’ म्हटले की ती माणसाची ओळख होते.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचन मान्य आहे, पण ‘चोर’ या शब्दाला इतक्या लवकर निरोप देऊ नये. तो उत्तरपदी नको असला, तरी पूर्वपदी हवा आहे. मराठीत ‘चोर’ पूर्वपदी आला की त्याचा अर्थ ‘लपलेला, सहज न दिसणारा’ असा होतो आणि चोरीशी त्याचा संबंध राहतोच असे नाही. चोरकप्पा, चोरखिसा, चोरवाट, चोरपावले हे शब्द पाहा. चोरखिसा चोराचा नसतो. तो मालकाने शिंप्याला सांगून, चोरापासून पैसे वाचावेत म्हणून शिवून घेतलेला असतो.

‘बॅकडोअर’साठी म्हणूनच मी ‘चोरदिंडी’ किंवा ‘चोरदरवाजा’ सुचवीन. रायगडावर महादरवाजापासून टकमक टोकाकडे जाणाऱ्या तटाच्या शेवटाजवळ एका बुरुजात चोरदिंडी आहे. बुरुजाच्या आतून तिच्यापर्यंत उतरायला पायऱ्या आहेत, आणि तटावरून चालणाऱ्याला कोणी दाखवल्याशिवाय ती सापडत नाही. ती चोरांनी पाडलेली नाही. ज्याने तट बांधला त्यानेच, प्रसंगी आपल्या माणसांना ये-जा करता यावी म्हणून ती ठेवली. चित्रपटात डेव्हिड संगणकाच्या जाणकार असलेल्या दोघांकडे जातो, तेव्हा ते त्याला हेच सांगतात, की प्रणाली बांधणारा माणूस पुष्कळदा स्वतःपुरती एक वाट ठेवून देतो आणि पुढे बंदोबस्त कितीही वाढवला तरी ती उघडीच राहते. ‘मागचे दार’ या शब्दांत हा अर्थ येत नाही, कारण मागचे दार घरातल्या सगळ्यांना आणि शेजाऱ्यांनाही ठाऊक असते. शिवाय ‘मागच्या दाराने’ म्हटले की मराठीत वशिल्याने मिळालेली नोकरी किंवा प्रवेश आठवतो.

ज्यांनी किल्ला पाहिला आहे अशा मुलांना ‘चोरदिंडी’ समजावून सांगावी लागणार नाही. इतरांसाठी ‘चोरदरवाजा’ पुरेल.

तिसरा प्रतिसाद

‘परवलीचा शब्द’ याविषयी थोडे लिहितो. हा मुळात पहाऱ्यावरचा शब्द आहे. रात्री चौकीपाशी आलेल्याने ठरलेला शब्द उच्चारला, तर तो आपला, नाही तर परका. पासवर्डचे काम नेमके हेच असल्यामुळे अर्थाच्या दृष्टीने यापेक्षा चांगला शब्द मिळणार नाही.

अडचण वापराने निर्माण केली आहे. अलीकडच्या लेखनात ‘विकास हा आजचा परवलीचा शब्द झाला आहे’ अशी वाक्ये आपण सर्रास वाचतो. तेथे परवलीचा शब्द म्हणजे ज्याच्या त्याच्या तोंडी असलेला शब्द. जो शब्द मूठभरांखेरीज कोणाला कळू नये, त्याचेच नाव सर्वांना माहीत असलेल्या शब्दाला मिळाले. अर्थ इतका पूर्ण उलटल्याची उदाहरणे मराठीत थोडीच सापडतील. या उलट्या अर्थाविरुद्ध मी अनेक वर्षे बोलत आलो आहे आणि तो थांबेल अशी आशा आता उरलेली नाही. तरीही मूळ अर्थ सोडून देणे मला मान्य नाही.

चित्रपटात मूळ अर्थ सांगायला दोन सुंदर प्रसंग आहेत. शाळेच्या संगणकाचा शब्द डेव्हिडला कार्यालयात मिळतो. तिथे शब्दांची एक यादीच लावलेली आहे, जुने शब्द खोडलेले आहेत आणि शेवटचा, चालू असलेला शब्द आहे ‘पेन्सिल’. तो शब्द वापरून मुलगा स्वतःचे आणि मैत्रिणीचे गुण बदलतो. दुसरा शब्द लष्करी संगणकाचा. तो मिळवण्यासाठी डेव्हिड तो संगणक घडवणाऱ्या स्टीफन फॉल्कनविषयी ग्रंथालयात बसून मिळेल ते वाचतो, त्याची जुनी चित्रफीत पाहतो, आणि शेवटी त्याला कळते, की लहानपणी वारलेल्या मुलाचे नाव, ‘जोशुआ’, हाच तो शब्द आहे. पहिला शब्द निष्काळजीपणामुळे हाती लागला, दुसरा एका बापाच्या दुःखाचा माग काढत हाती आला.

येथे क्रियापदाकडेही लक्ष द्यावे. आपण सवयीने ‘पासवर्ड फोडला’ असे लिहितो, कारण घरफोडी आणि पेपरफुटी आपल्या कानात बसलेल्या आहेत. या दोन्ही प्रसंगांत फोडलेले काहीच नाही. पहिला शब्द डेव्हिडने वाचला आणि दुसऱ्याचा छडा लावला. परिचयपत्रकात ही दोन क्रियापदे वेगवेगळी ठेवली, तर मुलाचा स्वभाव वेगळ्या विशेषणांवाचून कळेल.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

आपणा सर्वांचा मी मनापासून आभारी आहे. माझा मूळ मजकूर मी पुन्हा वाचला, तेव्हा डेव्हिडने ‘शाळेचा आणि लष्कराचा पासवर्ड फोडला’ असे वाक्य मीच लिहिलेले आढळले. म्हणजे लाल शाईच्या दुरुस्तीला मीच वाट करून दिली होती. आता ते वाक्य असे केले आहे: ‘शाळेचा परवलीचा शब्द त्याने कार्यालयातल्या यादीवरून वाचला, लष्करी संगणकाच्या चोरदिंडीचा मात्र त्याला कित्येक दिवस खपून छडा लावावा लागला.’ पहिल्या परिच्छेदात ‘खटपट्या’ आला आहे, आणि ‘हॅकर’ त्याच्या पाठोपाठ, म्हणजे मुले दुसरा शब्द पहिल्याच्या उजेडात वाचतील.

युद्धाच्या ‘खेळा’साठी मला आणखी एक शब्द सुचला आहे, ‘लुटुपुटूची लढाई’. हे सगळे खरे आहे की खेळ, असे डेव्हिड संगणकाला विचारतो, तेव्हा संगणक त्यालाच उलट विचारतो, की फरक काय? लुटुपुटूची लढाई म्हणताना मराठी बोलणाऱ्या लहान मुलालाही तो फरक ठाऊक असतो, म्हणून तो शब्द त्या प्रसंगाच्या आधी एकदा येऊ द्यावा असे मला वाटते. शेवटी संगणक स्वतःशीच जो खेळ खेळत राहतो, त्याला ‘फुल्ली-गोळा’ हा आपला शब्द आहेच.

एक शंका मात्र उरते. मी सगळीकडे ‘क्रमांक फिरवणे’ असे लिहिले आहे. तबकडीच्या टेलिफोनमुळे हा प्रयोग आपल्या भाषेत आला आणि बटणांचे फोन आल्यावरही टिकला. या पत्रकाच्या वाचकांनी ती तबकडी फिरवलेली तर नाहीच, पाहिलेलीही नसेल. ‘लावणे’ लिहिले तर अर्थ लगेच कळेल, पण डेव्हिड झोपलेला असतानाही रात्रभर एकामागून एक क्रमांक फिरत राहणे ‘लावणे’मध्ये दिसत नाही. कोणाला अधिक चांगले क्रियापद सुचत असेल तर कृपया कळवावे. पत्रक छपाईला जायला अजून चार दिवस आहेत.