कृपेने तारण झालं, मग आज्ञा पाळायची गरज संपली का? (भिशीवरून सुरू झालेला वाद)

नगरी_चहा
जय ख्रिस्त मंडळी. प्रश्न जुनाच आहे पण आमच्याकडे तो आता भांडणापर्यंत आलाय म्हणून इथे टाकतोय. आमच्या मंडळीतल्या लोकांची एक भिशी चालते, वीस जण, महिन्याला दोन हजार. एका भावाने दुसऱ्याच महिन्यात चाळीस हजार उचलले आणि थोडे हप्ते भरून जे बंद केलं ते केलंच. फोन केला की "प्रभू मार्ग काढेल". बरं माणूस काही बाहेरचा नाही, उपासनेत पेटी तोच वाजवतो, आवाज गोड आहे, प्रार्थना करायला लागला की बायकांच्या डोळ्यात पाणी येतं. मागच्या कॉटेज मिटिंगला त्याने साक्ष दिली की माझं सगळं कर्ज प्रभूने वधस्तंभावर फेडलंय, हालेलूया, आणि समोर सतरंजीवर भिशीतल्या तिघी बसलेल्या, त्यांनी एकमेकींकडे असं बघितलं की मला हसावं का रडावं कळेना. बाहेर चपला घालताना एकीने विचारलंच, भाऊ आमचं पण फेडलं का? तर म्हणतो ताई तुम्ही अजून नियमशास्त्रात (म्हणजे मोशेच्या आज्ञांमध्ये) आहात, मी कृपेत आहे.

आता माझी अडचण अशी की तो वचन तर खोटं सांगत नाहीये. बायबलमधलं इफिस २:८ आपण सगळ्यांनी संडे स्कूलमध्ये पाठ केलंय, कृपेने, विश्वासाने, आपल्या हातून नाही. मग पवित्र जगा, आज्ञा पाळा हे पाळकसाहेब दर रविवारी का सांगतात? तारण मिळालंच असेल तर पाळून जास्त काय मिळणार आणि नाही पाळलं तर काय जाणार? खरंच विचारतोय, टोमणा नाही.

शेवगावचे_गुरुजी
त्या भावाला म्हणावं आठव्या वचनावर गाडी थांबवू नको, दहावं वाच. आठ-नऊमध्ये कर्मांनी तारण नाही म्हणतो आणि लगेच दहाव्यात म्हणतो की आपण सत्कृत्यं करण्यासाठीच ख्रिस्तात निर्माण केलेलो आहोत. लोक तिथपर्यंत जातच नाहीत, भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठवंच छापलेलं असतं त्याला कोण काय करणार.

आणि हा प्रश्न ही पत्रं लिहिणाऱ्या पौलाला पण विचारला होता लोकांनी. रोम ६ ची सुरुवातच ती आहे, कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का? आणि त्याचं उत्तर कधीच नाही. कारण काय देतो बघ, देव चिडेल असं म्हणत नाही, नरकात जाशील असंही तिथे म्हणत नाही. म्हणतो तू बाप्तिस्मा घेतलास तेव्हा ख्रिस्ताबरोबर मेलास, पापाला मेलेला माणूस त्यातच कसा जगेल.

पण भिशीवाल्याला मी रोम सांगणार नाही, जक्कय सांगेन, तो लोकांना लुबाडणारा जकातदार. लूक १९. येशूने त्याच्या घरी जायच्या आधी काहीच अट घातली नव्हती, आधी लोकांचे पैसे दे मग येतो असं म्हटलं नाही, आणि म्हणूनच लोक कुरकुरले की पाप्याच्या घरी उतरला. ही झाली कृपा. मग जक्कय आपण होऊन उभा राहिला, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवून घेतलं त्याला चौपट. आता लेवीय ६ काढ. फसवून घेतलेलं परत करताना मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा, एवढंच नियमशास्त्र मागतं. म्हणजे कृपेतला माणूस नियमशास्त्रापेक्षा जास्त देऊन मोकळा झाला आणि तुमचा भाऊ कृपेत राहून मुद्दल पण देईना. तो म्हणतो तसा नियमशास्त्रात राहिला असता तरी बाकीवर वीस टक्के जास्त द्यावे लागले असते 😄

गिरीजची_पोर्णिमा
मी वसईची, कॅथलिक आहे, बोलले तर चालेल ना? आमच्याकडे यावर फार चर्चा होतच नाही कारण कुमसाराला (पापांची कबुली द्यायला) गेलं आणि फादरना सांगितलं की मी अमक्याचे पैसे बुडवले, तर फादर पापक्षमा देतात पण सांगतात की बाई ते पैसे परत कर. फक्त तीन नमो मरिया म्हणून सुटका नाही. देवाने क्षमा केली हे खरं पण त्या माणसाचं नुकसान झालं ते तिथेच आहे ना, ते भरून द्यायचं. आमच्या धर्मशिक्षणातच आहे हे. लहानपणी मी मैत्रिणीची कंपासपेटी ढापली होती तेव्हा पण हेच ऐकलेलं.

बाकी तुम्ही प्रॉटेस्टंट लोक आम्हाला कर्मवाले म्हणता ते मला माहितीये, पण १९९९ साली लूथरन आणि आमच्या चर्चने जर्मनीत आउग्सबुर्गला एकत्र सह्या केल्यात की नीतिमान ठरतो तो कृपेनेच, आणि सत्कर्मं ही त्याची फळं. त्यामुळे तो वाद इथे नको.

मुक्त_पाखरू
सगळे त्या एका भावावर तुटून पडलात. मी दुसरी बाजू सांगतो, राग येऊ देऊ नका. मी ज्या मंडळीत वाढलो तिथे कृपा हा शब्द फक्त गाण्यात होता. बाकी सगळं म्हणजे सिनेमा नको, टिकली नको, दागिने नको, अमक्याच्या लग्नात जेवू नको. दर आठवड्याला वाटायचं तारण गेलं, रविवारी परत मिळवायचं. माझी आई आयुष्यभर घाबरत जगली. म्हणून कोणी पवित्र जगा म्हणलं की माझ्या अंगावर काटा येतो, नियमांच्या जोखडात परत अडकू नका म्हणणारं गलतीकरांस पत्र कशासाठी लिहिलं होतं मग? आणि देव माणसाला हळूहळू बदलतो. अमेझिंग ग्रेस लिहिणारा जॉन न्यूटन बघा, १७४८ ला समुद्रात वादळात सापडला, देवाचा धावा केला, तिथून विश्वासात आला, पण त्यानंतरही गुलामांच्या जहाजांवर होता, कप्तान होता. देवाने त्याला लगेच टाकून दिलं का? नाही. वेळ दिला. तसाच तुमच्या भावाला पण द्या.

शेवगावचे_गुरुजी
पाखरा, टिकली आणि सिनेमाचं तुझं बरोबर आहे, माणसांनी केलेल्या नियमांना पवित्रता म्हणणं हा वेगळाच आजार आहे आणि आपल्याकडे तो भरपूर आहे. पण न्यूटनचं उदाहरण तू अर्धंच सांगितलंस. जहाजं सोडली १७५४ ला, ती पण तब्येतीमुळे. नंतर पाळक झाला, गाणी लिहिली, आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध उघड पत्रक काढलं १७८८ ला. चौतीस वर्षं! पत्रकात स्वतःच लिहिलं की ही कबुली फार उशिरा येतेय. देवाने वेळ दिला हे मान्य, पण तो वेळ कोणाच्या खर्चाने गेला? जहाजाच्या तळाला साखळीत पडलेल्यांच्या. तारण होऊनही आज्ञा मागे ठेवली की बिल नेहमी दुसऱ्याच कोणाला तरी येतं, इथे त्या सतरंजीवरच्या तिघींना आलंय. म्हणून मला हे "हळूहळू बदलतो" ऐकायला जड जातं. बदलू दे हळूहळू, पण हप्ता तरी चालू कर बाबा.

केडगाव_लाईन
मुक्त पाखरू दादा तुमच्या आईबद्दल वाचून वाईट वाटलं, आमच्या घरात पण असंच होतं थोडंफार. पण भीती गेली की माणूस ढिला पडतोच असं नाही, उलट पण होतं, आणि आपल्याकडे त्याचं पंडिता रमाबाईंएवढं मोठं उदाहरण नाही. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडमध्ये. पण त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवलंय की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हता सापडला, तो त्यानंतर साधारण आठ वर्षांनी. शारदा सदन तर १८८९ ला मुंबईत सुरू झालेलं होतं, म्हणजे सत्कर्मं आधीच चालू होती, तीही साधीसुधी नाही, त्या काळात विधवांसाठी शाळा. मग कृपा कळल्यावर काय केलं? सुटलो बाई एकदाच्या म्हणून आरामात बसल्या का? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली, बायका गोळा करून आणल्या, केडगावची मुक्ती मिशन ही संस्था उभी राहिली, १९०० च्या सुमारास गुजरातचा दुष्काळ, परत तेच. आणि म्हातारपणी हिब्रू ग्रीकवरून सगळं बायबल मराठीत करत बसल्या, १९२२ ला वारल्या तोपर्यंत तेच काम. हे सगळं तारण मिळवायला असतं तर कुठेतरी पुरे झालं म्हणाल्या असत्या की हो.

तटस्थ_माणूस
मी ख्रिस्ती नाही, मित्रामुळे इथे वाचतो. एक शंका. आमच्याकडे सरळ आहे, करावे तसे भरावे. तुम्ही म्हणता कर्माने काही नाही, कृपेने. आणि मग परत म्हणता कर्म तर हवंच. मग फरक काय पडला? शेवटी पैसे द्यायचेच आहेत तर मधे कृपा कशाला? 🙂

सुभाषकाका_सोलापूर
तटस्थ भाऊ, छान विचारलंत, आमचे लोक हा प्रश्न टाळतात. फरक कशासाठी करतो यात आहे. भाडेकरू भाडं भरतो म्हणून त्याला घरात राहता येतं, दोन महिने थकलं की सामान बाहेर. मुलगा भाडं भरत नाही, तो त्या घरचाच आहे. पण रात्री घराला आग लागली तर बादली घेऊन आधी कोण धावेल सांगा. आणि मुलगा जर म्हणाला की मी घरचाच आहे मला कोण काढतंय, जळू दे, तर त्याला घराबाहेर नाही काढणार पण गावाला शंका येईल हा नक्की यांचाच ना. याकोब २ मध्ये कर्माविना विश्वास निर्जीव म्हटलंय ते याच अर्थाने मी घेतो, कर्म केल्याने विश्वास विकत मिळतो असं नाही, जिवंत आहे का मेलाय ते कर्मावरून दिसतं.

प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरचं तर सगळं भांडणच कर्मांवरून होतं ना, तोच १५२० मध्ये लिहितो की ख्रिस्ती माणूस सगळ्यांपासून स्वतंत्र, कोणाचा ताबेदार नाही, आणि तोच सगळ्यांचा सेवक. दोन्ही एकाच दमात. देवाकडे तुझं खातं मिटलं, आता तुला स्वर्गात जागा मिळवायला धडपडायचं नाहीये, मग तुझे दोन हात रिकामे झाले, ते शेजाऱ्यासाठी वापर. देवाला तुमच्या दोन हजारांचं काय करायचंय, गरज त्या भिशीतल्या बाईला आहे, तिच्या पोराची फी भरायचीय. ल्यूथरच्याच मित्राने, योहान आग्रिकोलाने, पुढे शिकवायला सुरुवात केली की विश्वासणाऱ्याला दहा आज्ञा शिकवायची गरज नाही, त्या कोर्टात शोभतात. ल्यूथर भडकला, १५३७ पासून त्याच्याविरुद्ध वादावर वाद केले. त्याच्या छोट्या प्रश्नोत्तरीची (धर्मशिक्षणाच्या पुस्तकाची) सुरुवात पण दहा आज्ञांनीच आहे. त्यामुळे तुमचे पेटीवाले भाऊ काही नवीन बोलत नाहीयेत, पाचशे वर्षं जुना माल आहे.

आणि जर्मन पाळक बॉनहोफरची ती 'स्वस्त कृपा' (क्षमा हवी पण बदलायला नको) व्हॉट्सअॅपवर इतकी फिरते की आता मला लिहायला पण संकोच वाटतो, पण माणसाने ते हिटलरच्या राज्यात १९३७ ला छापलं आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये फासावर गेला, म्हणजे त्याच्या तोंडी ते शोभतं. आपण फॉरवर्ड करतो.

मुक्त_पाखरू
काका हे पटलं. पण एक राहतंच, जो प्रयत्न करतो आणि परत परत पडतो त्याचं काय? माझा एक भाऊ दारू सोडतो, तीन महिने चांगला राहतो, परत सुरू. त्याला पण शंका येईल असं म्हणायचं का?

सुभाषकाका_सोलापूर
नाही, अजिबात नाही. त्याला तीत २ सांगा, तिथे कृपा शिकवते असं लिहिलंय, अभक्ती सोडून नीट वागायला शिकवते. शिकणारा नापास होतो, परत बसतो. योहानाच्या पहिल्या पत्रात तर सुरुवातीलाच आहे की आपल्यात पाप नाही म्हणणारा स्वतःला फसवतो, आणि कबूल केलं तर तो क्षमा करायला विश्वासू आहे. जो पडतो आणि रडत उठतो तो लढाईत आहे. मी काळजी करतो ती लढाईच बंद करून वर त्याची साक्ष देणाऱ्याची. तुमच्या भावाला सोडू नका, तीन महिने पण थोडे नाहीत.

नगरी_चहा
सगळ्यांचे आभार, खूप मिळालं. गुरुजींचं लेवीयचं ऐकून तर आमच्या हिच्यासमोर हसत सुटलो. आता प्रत्यक्षात काय करू? भिशीवाल्या बायका म्हणतात पाळकांना सांगून त्याला प्रभुभोजनातून (चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीतून) बंद करा. काही जण म्हणतात पोलिसात जा. मला दोन्ही जड वाटतंय.

गिरीजची_पोर्णिमा
पोलिसात कच्च्या भिशीचं काय होणार, वहीत सह्या तरी आहेत का?

शेवगावचे_गुरुजी
मत्तय १८ चा क्रम धर ना. आधी एकट्याने जा, चारचौघांत नाही, साक्ष चालू असताना मधे टोकू पण नको. ऐकलं नाही तर दोघं-तिघं घेऊन जा, त्यातली एक भिशीतली बाई असू दे. मग मंडळी. प्रभुभोजन बंद करणं हे शेवटचं, ते पहिलं करू नका, आणि केलंच तर पाळकसाहेबांनी करायचं, भिशीने नाही.

पण एकट्याने जाशील तेव्हा आधी हे बघ की तो देत नाहीये का देऊ शकत नाहीये. घरी आजारपण आहे का, काम सुटलंय का. कधीकधी माणूस लाजेपोटी वचनामागे लपतो, खिशात काही नसलं की आवाज मोठा होतो. तसं असेल तर फिलेमोनाचं पत्र वाच, एकच अध्याय आहे. फिलेमोनाचा पळून गेलेला गुलाम अनेसिम, त्याचं तारण झालेलं होतं तरी फिलेमोनाचं नुकसान हवेत विरलं असं पौल म्हणत नाही, म्हणतो माझ्या नावावर मांड, आणि मी फेडीन हे स्वतःच्या हाताने लिहून देतो. म्हणजे मंडळीतल्या चार जणांनी मिळून त्या तिघींचे पैसे आधी मोकळे करा, आणि त्याचा हप्ता मग तुम्ही घ्या, पाचशेचा असला तरी चालेल पण दर महिन्याला. आणि वहीत त्याची सही घ्या, पोर्णिमाताई म्हणतात तशी.