पित्तनलिकेचा कर्करोग : गाठ जाळणे आणि केमोथेरपी दोन्ही कशासाठी?

प्रश्न (दारव्हा तालुका): माझ्या मोठेबाबांच्या पित्तनलिकेतील गाठीवर शस्त्रक्रिया शक्य नाही. स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी) टाकताना दुर्बिणीतूनच रेडिओफ्रिक्वेन्सीने गाठ जाळावी आणि नंतर केमोथेरपी द्यावी, असे नागपूरच्या डॉक्टरांनी सुचवले आहे. एकाने भागणार नाही का?

उत्तर: नाही. जाळल्याने नलिका मोकळी राहण्यास मदत होते. मात्र त्याचा परिणाम काही मिलिमीटरच खोल जात असल्याने, इतरत्र पसरलेल्या पेशींसाठी केमोथेरपी लागतेच, आणि नलिका तुंबल्याने झालेली कावीळ पुरेशी उतरल्याशिवाय ती सहसा सुरू करता येत नाही. २०१० च्या चाचणीत जेमसिटाबिन या केमोथेरपीच्या औषधाला सिस्प्लॅटिन या दुसऱ्या औषधाची जोड दिल्यावर मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) ८.१ वरून ११.७ महिन्यांवर गेले. जाळण्याने आयुष्य वाढल्याचे काही अभ्यासांत दिसले, सर्वांत नाही. तरीही प्रकृती साथ देत असेल तर मी दोन्हींच्या बाजूने आहे.

दुसरे उत्तर: जाळण्याऐवजी प्रकाशोपचार (प्रकाशाला संवेदनशील करणारे औषध देऊन प्रकाशाने गाठ नष्ट करणे) सुचवला, तर त्यानंतर काही आठवडे ऊन कटाक्षाने टाळावे लागते, हे आधीच समजून घ्या, वावरात राबणाऱ्या माणसाला ते फार जड जाते.

तिसरे उत्तर: स्टेंट तुंबू शकतो. हुडहुडी भरून ताप आला किंवा डोळे पुन्हा पिवळे दिसले, तर सकाळच्या एसटीची वाट न पाहता मिळेल त्या गाडीने रात्रीच रुग्णालय गाठा.