जाळीदार म्हणजे भोकं असलेलंच का?

प्रश्न (सांगली): मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘जाळीदार शिराविन्यास’ आहे. पानाला तर भोकं नसतात, मग ते जाळीदार कसं? ती विचारते, मला सांगता येईना.

उत्तर (तासगाव): भोकं असलीच पाहिजेत असं नाही. शिरेला फाटे, फाट्यांना आणखी फाटे, आणि ते एकमेकांना जाऊन मिळतात. मधे बारीक घरं पडतात. हे मिळणं महत्त्वाचं. मुलीला द्राक्षाचं पान उन्हाकडे धरून दाखवा, मग उसाचं. उसातही शिरा पुष्कळ, पण सगळ्या शेजारशेजारून शेंड्याकडे जातात. म्हणून तो समांतर शिराविन्यास. पिंपळाचं पान पाण्यात कुजवलंत तर मधला गर निघून जातो आणि तुम्हाला हवी तशी भोकांची जाळीसुद्धा हाती येते!

गोठ्यातही हा शब्द आहे. गाईम्हशीच्या पोटाचे चार कप्पे: कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरं पोट. जाळीपोटाला आतून मधाच्या पोळ्यासारखी घरं असतात, आरपार भोक एकही नाही. वैरणीतून गेलेली तार नाहीतर खिळा बहुतेकदा तिथंच अडकतो. पुढच्या बाजूला छाती आणि पोट यांमधल्या पडद्यापलीकडे लगेच हृदय, त्यामुळे टोक तिकडं सरकलं तर जनावर जिवाला मुकतं. डॉक्टर लोहचुंबक गिळवतात ते याचसाठी.

स्वयंपाकघरात मात्र भोकंच लागतात. घावनाला, अनारशाला जाळी ‘पडते’; ‘जाळी झाली’ म्हटलंत तर सासूबाई तुमच्याकडे बघतील. अनारसा तुपात विस्कटला तर तो ‘हसला’, त्याला कुणी जाळीदार म्हणत नाही.

शब्दाची घडण म्हणाल तर ‘जाळी’ संस्कृत ‘जाल’वरून आणि ‘दार’ फारसी, टोकदार-चमकदारमधला. पेशींच्या धड्यात ‘आंतर्द्रव्यजालिका’ येते, तिचंही मूळ तेच. पानाला जालिकाबिलिका न लावता जाळीदार म्हटलं, हे बरं केलं.

प्रतिसाद (मेढा, जि. सातारा): तासगावकरांचं पटलं, पण आमच्या जावळीत जाळी म्हणजे आधी करवंदीची. ‘ससा जाळीत शिरला’ म्हणजे गेलाच, कारण आतलं काही दिसतच नाही. काट्यांनी हात ओरबाडल्याशिवाय करवंदंही निघत नाहीत. या जाळीवरून मात्र ‘जाळीदार’ होत नाही. ‘जाळीदार रान’ इकडं कुणाच्या तोंडी नाही. ‘जाळीचं रान’ म्हणतात, नाहीतर नुसतं ‘जाळकट’.