फॅलेनॉप्सिसच्या कुंडीत काय भरू? पानं मऊ पडली आहेत (डोंबिवली, पूर्वेची बाल्कनी)

पूर्वेची_खिडकी

नमस्कार. मी डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहते. बाल्कनी पूर्वेला आहे, ऊन साडेनऊपर्यंत येतं, मग समोरच्या इमारतीची सावली. फेब्रुवारीत आईच्या साठीला भावाने पांढरं फॅलेनॉप्सिस ऑर्किड आणलं. फुलं जवळजवळ अडीच महिने टिकली. आई रोज सकाळचा चहा त्याच्यासमोर बसून घ्यायची.

मेमध्ये फुलं गळाली. कुंडी लहान वाटली म्हणून जवळच्या एका नर्सरीतून ‘ऑर्किड मिक्स’ची पिशवी आणली. त्यात कोकोपीट, गांडूळखत आणि थोडी लाल माती निघाली. आठ इंची प्लास्टिकच्या कुंडीत ते भरून झाड लावलं. आता जून संपत आलाय आणि खालची दोन पानं सुरकुतून लोंबताहेत. पाणी कमी पडत असेल म्हणून रोज घालते, तरी पानं आणखीच मऊ.

कोणी सांगतं साल घाला, कोणी मॉस (वाळवलेलं शेवाळ), कोणी कोळसा, कोणी विटा. नक्की काय भरायचं? आणि भर पावसाळ्यात कुंडी बदलू की थांबू? झाड आईचं आहे, ते जगायला हवं.

कुंडीवाला

मी सगळी ऑर्किड भाजलेल्या मातीच्या गोळ्यांमध्ये ठेवतो, लेका म्हणून मिळतात त्या. कुजत नाहीत, किडे होत नाहीत, धुऊन परत वापरता येतात. एकच सांगतो, पाणी बोअरचं असेल तर गोळ्यांवर पांढरा थर चढतो आणि मुळांची टोकं करपतात. आमच्याकडे तसं झालं होतं. आता महिन्यातून दोनदा कुंडी नळाखाली धरून भरपूर पाणी वाहू देतो.

जांभळाखाली

आज संध्याकाळीच कुंडी उपडी करा. एरवी मी ऐन पावसात मुळांना हात लावत नाही, पण तुमच्या झाडाला थांबायला वेळ नाही. पानं तहानेनेच मऊ पडली आहेत, हे तुमचं बरोबर. फक्त कुंडीत पाणी आहे आणि ते वर चढवणारी मुळं कुजली आहेत. रोज पाणी घालत राहिलात तर उरलेली मुळंही जातील.

झाड काढून मुळं साध्या पाण्याखाली धुवा. एकेक मूळ दोन बोटांत धरून हलकं दाबा. टणक लागलं तर जिवंत, मग रंग हिरवा असो, पांढरट असो की पिवळसर. दाबल्यावर पाणी सुटलं, वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत नुसता दोरा राहिला, तर ते मूळ गेलं. कात्री गॅसवर धरून निववा आणि मेलेलं तेवढंच कापा. मग मुळांच्या गुंत्यात, अगदी बुंध्याखाली, बोट घालून बघा. बहुतेक वेळा तिथे लिंबाएवढा मॉसचा घट्ट गोळा सापडतो. रोप लहान असताना त्यात वाढवलेलं असतं आणि पुढे मोठ्या कुंडीत जाताना तो तसाच आत राहतो. वरचं सगळं कोरडं झालं तरी हा गोळा आठ-आठ दिवस ओला. मी आणलेल्या फॅलेनॉप्सिसपैकी निम्मी तरी बुंध्यातून कुजायला लागली ती याच गोळ्यामुळे. चिमट्याने थोडा थोडा काढा, ओढू नका.

आता भरायचं काय, ते. माझं माहेर चिपळूणजवळ. परसात मोठं जांभूळ आहे आणि त्याच्या खोडावर सीतेची वेणी, म्हणजे आमरीचीच (ऑर्किडचीच) एक जात. पावसाच्या तोंडावर तिचा गुलाबी-पांढरा घोस लोंबतो. बाबा मला पाऊस थांबला की तिची मुळं दाखवायचे. सर चालू असताना ती हिरवी दिसायची, आणि वारा असला की तासाभरात परत चांदीसारखी पांढरी. या मुळांवर मेलेल्या पेशींचा एक मऊ थर असतो. तो टीपकागदासारखा पाणी ओढून घेतो आणि मग त्याला वाळायला वारा लागतो. तिकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि एवढ्या पावसात ती मुळं खोडावर उघडी राहून वर्षानुवर्षं टिकली. तुमचं फॅलेनॉप्सिस फिलिपिन्स, तैवान, इंडोनेशियाकडच्या झाडांचं वंशज आहे, पण राहायची रीत हीच. म्हणून कुंडीत काहीही भरा, मी आधी एवढंच विचारते: पाणी घातल्यावर आतला वारा किती वेळात परत येणार?

याचं उत्तर घरागणिक बदलतं, हे मला दोन गावांत राहून कळलं. चिपळूणला माझं मिश्रण साधं होतं: मंगलोरी कौलांचे सुपारीएवढे तुकडे, निम्मा लाकडी कोळसा, वर नावाला सोडणाचे, म्हणजे नारळाच्या सालीचे, दोन तुकडे. मातीच्या भोकाच्या कुंडीत सगळी डेंड्रोबियम (कांड्यांची ऑर्किड) मजेत होती. २०१२ च्या पावसात एकाचं ऐकून मी ११ फॅलेनॉप्सिस नुसत्या स्फॅग्नम मॉसमध्ये लावली. हवेतच एवढी ओल की मॉस सुकायला तयार नाही. गणपतीपर्यंत दोन उरली. २०१७ मध्ये आम्ही पुण्याला आलो. मी कौलं-कोळशाच्या त्याच कुंड्या टेम्पोत घालून आणल्या. इथे एप्रिल-मेमध्ये दुपारी माझा आर्द्रतामापक २० टक्क्यांच्या आसपास उतरतो. सकाळी घातलेलं पाणी दहालाच उडून जायचं. महिन्याभरात डेंड्रोबियमच्या कांड्या वाळल्या शेवग्याच्या शेंगेसारख्या झाल्या, रेघारेघांच्या. चिपळूणला ज्याने झाडं जगवली, त्यानेच पुण्यात ती सुकवली. आता इथे माझ्या कुंड्यांत निम्म्याहून जास्त सोडण असतं आणि फॅलेनॉप्सिसच्या कुंडीत वर मूठभर मॉसही घालते. त्याच मॉसने पुण्याचा उन्हाळा काढून दिला.

डोंबिवलीची हवा चिपळूणच्या जवळची, आणि तुमचा हात पाणी जास्त घालणारा (रागावू नका, आईच्या झाडाला कोणीही घालेल). तेव्हा तुम्ही निम्मा कोळसा आणि निम्मं सोडण घ्या. सोडणाऐवजी पाइनची साल मिळाली तर उत्तमच, पण सोडणाने काही अडत नाही. कोकोपीट, माती, गांडूळखत यांतलं काही नको. त्यांचे कण इतके बारीक की ओले झाले की मुळांभोवती चिकटून बसतात.

सोडण देवपूजेच्या वाळक्या नारळाचं घ्या. शहाळ्याचं घेऊ नका, ते वर्षाच्या आत पिचून लगदा होतं. कोयत्याने दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे करा आणि बादलीत भिजत घाला. पहिल्या दिवशी पाणी कोऱ्या चहासारखं होईल. रोज बदला, सहा-सात दिवस, पाणी जवळजवळ नितळ होईपर्यंत. सोडणात पोटॅशियम आणि सोडियमचे क्षार असतात, न धुता वापरलं तर नव्या मुळांची टोकं काळी पडतात. कोळसा म्हणजे लोणारी कोळसा, इस्त्रीवाल्याकडे असतो तो. मी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या दादांकडूनच घेते. दगडी कोळसा नको, आणि शेगडीसाठी मिळणाऱ्या दाबून केलेल्या वड्याही नकोत. चुरा चाळून काढा, रात्रभर भिजवा, काळं पाणी जायचं थांबलं की झालं.

कुंडी लहान घ्या. मुळं जेमतेम मावतील एवढी, तुमच्या झाडाला आता चार इंची पुरेल. आठ इंची कुंडीचा मधला भाग आठवडा आठवडा वाळत नाही.

पूर्वेची_खिडकी

ताई, काल रात्रीच काढलं. तुम्ही म्हणालात तसा गोळा निघाला, लिंबाहून थोडा मोठाच, आणि त्याला कुबट वास येत होता. १४ मुळं होती, त्यातली १० गेली. चार टणक आहेत, एकाचं टोक हिरवं आहे. कापताना हात थरथरत होते. मग मी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, चार आहेत ना, मग ठीक आहे.

झाड आत्ता वर्तमानपत्रावर उघडंच ठेवलंय. सोडण भिजायला सात दिवस लागणार, तोवर काय करू? इस्त्रीवाल्याने कोळसा दिला, पैसे घेतले नाहीत. आणि जुन्या दांड्यावर एक कळीसारखं फुगलंय, ते ठेवू का?

वेंगुर्ल्याचा

आमच्याकडे वेंगुर्ल्यात मी काहीच भरत नाही. डेंड्रोबियम थेट आंब्याच्या खोडाला काथ्याच्या दोरीने बांधली आहेत. आठ-दहा महिन्यांत मुळं सालीला धरली की दोरी कापतो. फ्लॅटमध्ये हे जमायचं नाही, पण फणसाचा किंवा सागाचा ओंडका टांगूनही चालतं. मात्र रोज फवारायला माणूस हवा.

एक विनंती इथे सगळ्यांनाच. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला, आठवडी बाजारात जंगलातून ओरबाडलेल्या आमऱ्या जुड्या बांधून विकायला येतात. त्या घेऊ नका. माझ्या पाहण्यात त्यातली दहात एक जगते. वादळाने फांदीच खाली आली असेल तर ती उचलून जवळच्याच झाडाला बांधून द्या.

जांभळाखाली

वेंगुर्लेकर दादांच्या विनंतीला माझाही दुजोरा.

चार मुळं पुष्कळ झाली. मी एका मुळावर आलेलं झाड दोन वर्षांत फुललेलं पाहिलंय. आणि आईंना सांगितलंत हे फार बरं केलंत.

जखमा वाळायला एक दिवस उघडं ठेवणं चांगलं, त्याहून जास्त नको. उद्या नुसत्या कोळशात लावा. सोडण तयार झालं की वरून तुकडे सारा आणि कुंडीला टिचक्या मारा म्हणजे आपोआप फटीत बसतात. परत उपटायचं नाही. झाड हलतं राहिलं तर नव्या मुळाचं टोक घासून जातं, म्हणून बांबूची काडी रोवून बुंधा तिला सुतळीने सैल बांधा.

कळीचा दांडा कापा. वाईट वाटेल, पण चार मुळांवर फूल काढायचं म्हणजे झाडाने पानांतलं पाणी मोडून खायचं. बुंध्यापासून एक इंच ठेवून कापा.

पाणी: आणखी एक बांबूची काडी कुंडीत तळापर्यंत खोचून ठेवा. सकाळी काढून गालाला लावा. गार लागली तर घालू नका. कोरडी लागली तर कुंडी नळाखाली धरून पाणी खालून वाहून जाईपर्यंत घाला. नुसत्या कोळशात सुरुवातीला एक-दोन दिवसांआड लागेल, पावसाची झड असेल तेव्हा चार-पाच दिवसही लागणार नाही. पानांच्या मधल्या खोबणीत पाणी साचलं तर कापसाने टिपून घ्या, तिथून कूज लागली की झाड हातचं जातं. कुंडी पावसात नको, छपराखाली पण वाऱ्यावर.

खत आता अजिबात नाही. नवं मूळ बोटाच्या पेराएवढं झालं की १९:१९:१९ (पाण्यात विरघळणारं मिश्र खत) दोन लिटर पाण्यात एक ग्रॅम, आठवड्याला एकदा. कोळशात आणि सोडणात झाडाला खायला जवळजवळ काही नसतं, तेव्हा पुढे खत नेमाने लागेल.

आणि हे मिश्रण कायमचं नाही. सोडण दीड-दोन वर्षांत मऊ पडतं. बोटाने दाबलं की चुरा झाला, समजा पाळी आली. तेव्हा सोडण फेका, कोळसा धुऊन परत वापरा.

कुंडीवाला

काडी गालाला लावायची हे मला माहीत नव्हतं. मी गोळ्यांत इतकी वर्षं कुंडी उचलून वजनावर अंदाज घेतो. दोन्ही करून बघतो.

पूर्वेची_खिडकी

आज सात आठवडे झाले म्हणून लिहितेय. खालची दोन पानं पिवळी होऊन गळाली. वरची तीन आहेत, अजून थोडी मऊच, पण मागच्या आठवड्यापासून मधलं पान सरळ उभं राहतंय. काल आईने हाक मारली. बुंध्याच्या डाव्या बाजूने, जुन्या मुळाच्या वर, तांदळाच्या दाण्याएवढं हिरवं टोक आलंय. आधी मला दांडा वाटला, पण टोक गोल आणि चकचकीत आहे, खाली वळतंय, म्हणजे मूळच ना?

काडी आता आईच बघते. सकाळी चहाच्या आधी.

जांभळाखाली

मूळच. दांडा असता तर टोक चपटं, हातमोज्याच्या अंगठ्यासारखं दिसलं असतं आणि वर वळलं असतं. ते कुंडीच्या बाहेर गेलं तरी आत दाबू नका, मोडेल. त्याला जायचं तिकडे जाऊ द्या. आईंना माझा नमस्कार सांगा.