बाळाचे आणि घरच्यांचे फोटो: ३५, ५० की ८५? एकच प्राइम (झूम नसलेली) लेन्स घ्यायची आहे

दुपारचं_ऊन

नमस्कार मंडळी. माझ्याकडे निकॉन डी५६०० कॅमेरा आहे, सोबत आलेली १८-५५ (एएफ-पी वाली) झूम लेन्स आणि एक ७०-३००. बायकोला आठवा लागलाय, बाळंतपण सांगलीला तिच्या माहेरी होणार, आणि बाळाचे सुरुवातीचे फोटो मीच काढणार असं मी सगळ्यांना सांगून बसलोय. न्यूबॉर्न शूटवाल्यांकडून कोटेशन मागवलं होतं, तेवढ्या पैशात लेन्स येते आणि ती घरात राहते असा माझा हिशेब (बायकोला अजून पुरता पटलेला नाही). तर ऑप्शन तीन: ३५ डीएक्स १.८जी, ५० १.८जी आणि ८५ १.८जी (पहिला आकडा मिलिमीटर, तो जितका मोठा तितकं फ्रेममध्ये कमी मावतं; १.८ म्हणजे एफ/१.८, हा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते). यूट्यूबवर जो तो ५० म्हणतो, माझा एक मित्र लग्नं शूट करतो तो म्हणतो डोळे झाकून ८५ घे. खोली साधारण दहा बाय बारा, त्यात पलंग, कपाट, पाळणा, एक मोठी खिडकी. बारशाला सगळी मंडळी जमणार तेव्हा ग्रुप फोटोही त्याच लेन्सने निघाले तर सोन्याहून पिवळं. काय घेऊ?

८५प्रेमी

८५ घ्या, विषय संपला. मागचं सगळं असं विरघळतं की भिंतीवरचं कॅलेंडर पण छान दिसतं. पोर्ट्रेट म्हणजे ८५ बाकी सब बकवास 😄

खिडकीशेजारी

कॅलेंडर विरघळायला आधी बाळ फ्रेममध्ये मावलं पाहिजे ना राव. मित्राकडे बहुतेक फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी असणार आणि तो लग्नाच्या हॉलमध्ये शूट करतो, त्याचं त्याच्या जागी बरोबर आहे. डी५६०० चा सेन्सर डीएक्स, म्हणजे त्याहून लहान, त्यामुळे लेन्सचा आकडा दीडपट धरा, ८५ तुमच्याकडे जवळपास १२८ सारखी वागणार, ५० ही ७५ सारखी आणि ३५ ही साधारण ५२ सारखी. यूट्यूबवर ५० ची तारीफ करणारे निम्मे लोक फुल फ्रेमवर असतात, त्यांची ५० म्हणजे तुमची ३५, हे ते सांगत नाहीत.

आता खोलीत उभं राहून हिशेब करा. बाळ पन्नासेक सेंटीमीटरचं, आजूबाजूला दुपटं थोडं दिसायला हवं म्हणजे फ्रेमची रुंदी ७० सेंटीमीटर धरू. बाळ पलंगावर आहे आणि तुम्हाला बरोब्बर वरून फोटो हवाय (हा फोटो सगळ्यांना हवाच असतो). ३५ ला त्यासाठी कॅमेरा बाळापासून एक मीटरवर लागतो, ५० ला दीड मीटर, ८५ ला अडीच मीटर. पलंग दीड-दोन फूट उंच, तुम्ही त्याच्या कडेला उभे, तुमचे डोळे गादीपासून फार तर एक-सव्वा मीटरवर असतील. म्हणजे ३५ ने उभ्या उभ्या जमतं, ५० ला स्टुलावर चढावं लागतं आणि ८५ ला माळ्यावर. बाळाच्या डोक्यावर स्टूल आणि हातात कॅमेरा हे कॉम्बिनेशन मला अजिबात पसंत नाही. ५० च घ्यायची असेल तर गादी सरळ जमिनीवर घाला, मग जमून जातं. आणि लेन्स कुठलीही असो, बाळाच्या वर कॅमेरा नेताना पट्टा गळ्यातच पाहिजे आणि घरातलं एक माणूस हाताच्या अंतरावर बसलेलं पाहिजे. इंस्टावर हनुवटी हातांवर टेकवलेली ती बेडकासारखी पोज दिसते ना, ती बहुतेक वेळा दोन फोटो जोडून केलेली असते, दोन्ही फोटोंत कुणीतरी डोकं नाहीतर मनगटं धरलेली असतात आणि मग ते हात पुसतात. घरी कृपया नको.

दुसरं म्हणजे जवळ किती जाता येतं ते बघा, हे कुणी बघतच नाही. ३५ डीएक्स ३० सेंटीमीटरपर्यंत फोकस करते, ५० जी ४५ पर्यंत, ८५ ला ८० लागतात. बाळाला मांडीवर घेऊन एका हाताने फोटो काढायचा तर ८५ फोकसच पकडणार नाही, नुसती पुढे-मागे घुरघुरत बसेल.

थोडक्यात ३५. पण माझं ऐकून पण घेऊ नका, तुमच्याकडे १८-५५ आहे, ती आज ३५ वर ठेवा, झूम रिंगला कागदी टेप मारा आणि पलंगावर उशी ठेवून फोटो काढा. उद्या ५० वर टेप मारा. फुकटात कळेल.

जुनी_रीळ

वरच्या उत्तराला +१, फक्त एक वेगळा मुद्दा. ३५ घेऊन चेहऱ्यात घुसू नका. नाक मोठं, कान गायब असे जे फोटो येतात ते लेन्समुळे नाही, अंतरामुळे येतात. एक मीटरच्या आसपास राहा, नुसता चेहरा हवा असेल तर घरी येऊन क्रॉप करा, २४ मेगापिक्सेल कशाला दिलेत.

आणि बोटं, पावलं, पापण्या यांच्यासाठी नवी लेन्स लागतच नाही हे ऐकून बायको खूश होईल. तुमची एएफ-पी १८-५५ पाव मीटरपर्यंत फोकस करते आणि ५५ वर ०.३८ पट मॅग्निफिकेशन देते (म्हणजे सेन्सरवर वस्तू खऱ्या आकाराच्या तेवढ्या पट येते), ३५ प्राइम फक्त ०.१६ देते. म्हणजे इवलंसं पाऊल किट लेन्सने (तीच तुमची १८-५५) फ्रेमभर येईल, प्राइमने अर्ध्या फ्रेममध्ये. खिडकीजवळ उजेड असेल तर एफ/५.६ सुद्धा चालतं तिथे. किट लेन्सला नावं ठेवायची फॅशन आहे, चालायचंच.

बजेट ताणता येत असेल तर डीएक्स मायक्रो ४० एफ/२.८ पण बघा, १:१ मॅक्रो आहे (वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराची येते) आणि फोकल लेंथ, म्हणजे तो मिलिमीटरचा आकडा, ३५ आणि ५० च्या मधला. उजेडात मात्र १.८ पेक्षा सव्वा स्टॉप मागे (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड).

दुपारचं_ऊन

टेपचा प्रयोग केला!! तक्क्याला दुपट्यात गुंडाळून बाळ केलं, सासूबाई बघून हसत होत्या. ५० वर पलंगाच्या कडेला उभा राहिलो तर खरंच तक्क्याचं एक टोक बाहेर जातं, ३५ ला आरामात. ८५ चा नाद सोडला. (मित्राला सांगितलं नाहीये अजून.)

आता दुसरी शंका, १.८ वर सगळे फोटो काढायचे का? म्हणजे त्यासाठीच तर पैसे देतोय ना? आणि खोलीत दिवसा पण ट्यूबलाइट लावलेली असते, ती चालेल का फ्लॅश घेऊ?

खिडकीशेजारी

पैसे १.८ *मिळावं* म्हणून द्यायचे, दर वेळी वापरावं म्हणून नाही. एक मीटरवरून ३५ ला १.८ वर सगळं मिळून सहाएक सेंटीमीटर शार्प येतं, ५० ला जेमतेम तीन. बाळ तिरकं झोपलं असेल तर जवळचा डोळा शार्प आणि पलीकडचा कान गेलेला, ते दिसतं छान. पण आईच्या खांद्यावर बाळ असेल आणि दोघांचे चेहरे हवे असतील तर २.८ ते ४ करा. बारशाच्या ग्रुपला आजी-आजोबा पुढे बसलेले आणि बाकीचे मागे उभे, तिथे एफ/४ च्या खाली जाऊ नका, तीन मीटरवरून ३५ ला एफ/४ वर मीटरभर खोली मिळते, १.८ वर अर्धा मीटर, म्हणजे मागच्या रांगेतला मेहुणा धूसर. (मेहुण्यावर अवलंबून आहे म्हणा.) फोकस पॉइंट एकच निवडा आणि तो कॅमेऱ्याच्या जवळ असलेल्या डोळ्यावर ठेवा, ३९ पॉइंट ऑटोवर सोडले तर कॅमेरा दुपट्याच्या कडेला जाऊन बसतो.

१.८ ची खरी कमाई उजेडात आहे. किट लेन्स ३५ वर साधारण ४.५ देते, तिथे जर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटोत दाणे येतात) ३२०० लागत असेल तर १.८ ला ५०० मध्ये काम होतं. बाळाच्या कातडीवर तो फरक लगेच दिसतो.

ट्यूबलाइट बंद. खिडकीचा उजेड आणि ट्यूब एकत्र आले की अर्धा गाल निळा अर्धा हिरवट येतो, मग कितीही व्हाइट बॅलन्स (रंगांची दुरुस्ती) करा. अगदीच लावावी लागली तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची त्यामुळे दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो, शटर त्याहून वेगवान केलं की एक फोटो उजळ एक काळपट. फ्लॅश नको, खिडकी असताना गरजच नाही. ऊन थेट येत असेल तर जुनी पांढरी सुती साडी लावा पडद्याला, त्याहून चांगला डिफ्यूजर (उजेड मऊ करणारा पडदा) बाजारात मिळत नाही. बाळाचं डोकं खिडकीकडे, उजेड कपाळावरून हनुवटीकडे उतरला पाहिजे. उलटं केलंत, पाय खिडकीकडे, तर उजेड नाकपुड्यांत शिरतो आणि चेहरा भुताटकीसारखा येतो.

आणखी एक, भिंतीचा रंग बघा. भिंत पोपटी असेल तर बाळ पण पोपटी.

माहेरची_ताई

सगळे लेन्सवर भांडताय, वेळेचं कुणीच बोललं नाही. मालिशवाल्या बाई येऊन गेल्या, आंघोळ झाली, बाळ दूध पिऊन झोपलं की मग कॅमेरा काढा, तेव्हा हातपाय हवे तसे ठेवले तरी उठत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत हे जमतं, नंतर पोरं जागी व्हायला लागतात. पंखा बंद, खोली उबदार. बाळंतिणीला विचारून मगच तिचा फोटो काढा, ती दमलेली असते. आणि आजी तीट लावणार, काजळ घालणार, कुंची चढवणार, त्यावरून वाद नको, ते फोटोत येऊ दे, एडिटमध्ये पुसत बसू नका. त्या टोप्या आणि लोकरीची टोपली ऑनलाइन मागवण्यापेक्षा घरचं झबलं-टोपडं शंभर पट गोड दिसतं.

दुपारचं_ऊन

ताई, हे सगळं बायकोला वाचून दाखवलं, तुमचंच उत्तर तिला आवडलं. ३५ फायनल. सेकंडहँड एक मिळतेय, मुंबईला बोरा बाजारात, मामा जाऊन बघतील. त्यांनी काय बघायचं?

कोकणातली_बुरशी

नाव आधी नीट वाचायला सांगा: एएफ-एस डीएक्स ३५ १.८जी. जुनी ३५ एफ/२डी किंवा ५० १.८डी स्वस्तात गळ्यात मारतील, पण तुमच्या बॉडीत फोकसची मोटर नाही आणि या डी वाल्या लेन्समध्येही नाही, त्यामुळे त्यांच्यावर ऑटोफोकस चालणारच नाही आणि झोपेतलं बाळ तेवढा वेळ थांबत नाही.

मग लेन्सच्या दोन्ही टोप्या काढून मागून मोबाइलचा टॉर्च मारायचा आणि पुढून तिरकं बघायचं. धुळीचे ठिपके असतील तर सोडून द्या, पण कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की ती बुरशी, कितीही स्वस्त असली तरी नको. मागच्या बाजूला एक बारकी दांडी असते ती हलकेच सरकवून सोडली की आतली पाती झटकन परत आली पाहिजेत, रेंगाळली तर पात्यांवर तेल उतरलंय. मामांना तुमची बॉडी देऊन पाठवा, दुकानातच १.८ वर एखाद्या पाटीचा फोटो काढून मोठा करून बघा. बिल असेल तर घ्या, नसेल तर भाव पाडून मागा.