मदत हवी आहे : शीर्षकपान नसलेली जुनी तुकारामगाथा, आवृत्ती कशी ओळखायची आणि बांधणी कशी वाचवायची?

नमस्कार मंडळी,

मराठी अभिजात ग्रंथांच्या जुन्या आवृत्त्या जमवण्याचा मला नाद आहे. संग्रह लहानच आहे. त्यात मुख्यतः संतवाङ्मय आणि पंडित कवी, शिवाय थोडी शंभरीकडे झुकलेली गद्य पुस्तकं आहेत. आजवर जे घेतलं त्यावर साल आणि छापखाना छापलेला होता, त्यामुळे प्रश्न आला नाही. या वेळी मात्र हाती आलेल्या पुस्तकाचं शीर्षकपानच गायब आहे आणि माझ्या तुटपुंज्या माहितीवर निर्णय घ्यायची हिंमत होत नाही.

पुण्यात एका रद्दीवाल्याकडे अभ्यासक्रमाच्या पुस्तकांखाली तुकोबांच्या गाथेचा एक जाड भाग सापडला. मुखपृष्ठाचा पुठ्ठा आहे, पाठीचं कातडं निम्मं गेलंय. उघडल्यावर पहिलं पान चक्क इंग्रजी, तेही वाक्याच्या मध्यापासून सुरू होणारं. तुकोबांचं चरित्र आहे ते. ते संपलं की अभंग सुरू होतात. प्रत्येक अभंगाला क्रमांक आहे, आणि पानाच्या तळाशी बारीक टायपात पाठभेद (त्याच ओळीची इतर प्रतींमधली वेगळी रूपं) दिलेत. शेवटचं पान शाबूत आहे, पण त्यावर ना छापखान्याचं नाव, ना साल.

कागदाबद्दल मुद्दाम सांगतो. माझ्याकडच्या १९३०–४० च्या कादंबऱ्या हाताळताना कडा पापडासारख्या मोडतात. या गाथेचा कागद मात्र मऊ, जाडसर आहे. कोपरा दुमडला तरी तुटत नाही. अक्षर कागदात किंचित रुतलेलं आहे, मागच्या बाजूने बोट फिरवलं की कळतं.

यावरून ही १८६९ ची इंदुप्रकाश छापखान्यातली गाथा असावी असं मला वाटतंय. विष्णु परशुरामशास्त्री पंडितांनी शंकर पांडुरंग पंडितांच्या देखरेखीखाली संपादित केलेली, १८६९ आणि १८७३ अशा दोन भागांत निघालेली. घरी सरकारने १९५० नंतर पुन्हा छापलेली गाथा आहे, आमच्याकडे नेहमी तीच वाचली जाते. पण "वाटतंय" म्हणून वहीत नोंद करायची नाही. जाणकारांनी सांगावं, खात्री कशी करायची?

दुसरी गोष्ट. अभंग सुरू होतात त्या पानाच्या वरच्या कडेला शाईने एक ओळ लिहिली आहे. मोडी असावी. त्यातले आकडे मला १८०४ असे वाचता येतात. इसवी सन असणं शक्यच नाही, कारण अगदी सुरुवातीच्या छापील मराठी पुस्तकांतलं, विल्यम केरी या मिशनऱ्याचं मराठी व्याकरणसुद्धा श्रीरामपूरला १८०५ साली छापलं गेलं. शके असेल असा अंदाज आहे. फोटो जोडला आहे.

आणि आता ज्याने मला झोप लागत नाही ते. या प्रतीच्या समासात जागोजागी कुणीतरी लिहून ठेवलंय. कुठे "काला", कुठे "काकडा", कुठे "एकादशी", काही अभंगांना नुसती उभी रेघ. अक्षर ठाम आहे, सगळीकडे एकाच हाताचं. कुणी कीर्तनकार किंवा वारकऱ्यांच्या फडावरचे टाळकरी असतील. कोणत्या प्रसंगी कोणता अभंग घ्यायचा याची त्यांनी केलेली ही खूण. माझ्या लेखी या पुस्तकाची खरी श्रीमंती तीच आहे. पण शिलाई दोन ठिकाणी सुटली आहे, खालच्या पुठ्ठ्याला कसरीने पोखरलंय, आणि पूर्वी कुणीतरी दोन पानांवर सेलोटेप मारली आहे, ती आता तपकिरी झाली आहे. एका बाइंडरला दाखवलं. तो म्हणाला, "नवीन शिलाई मारतो, तिन्ही बाजूंनी कटिंग करून देतो, एकदम नव्यासारखं होईल." कटिंग केलं तर समासातल्या निम्म्या खुणा जातील. मी पुस्तक परत घेऊन आलो.

शेवटचा प्रश्न विचारायला थोडं जड जातंय. आत एका वाचनालयाचा लंबगोल निळा शिक्का आहे. तालुक्याचं नाव स्पष्ट वाचता येतं, दाखल क्रमांकही आहे. "रद्द" वगैरे काही लिहिलेलं दिसत नाही. मी रीतसर पैसे देऊन घेतलं, पण हे पुस्तक माझं आहे का? अशा वेळी तुम्ही काय करता?

कुणाकडे दुसरा भाग असेल तर तेही कळवा. विकत हवाच असं नाही, शेजारी ठेवून पाहायला मिळाला तरी पुष्कळ.

— समासातला

प्रतिसाद : निवृत्त ग्रंथपाल

नमस्कार. तुमचा अंदाज योग्य दिशेने आहे. इंदुप्रकाशच्या गाथेला जनार्दन सखाराम गाडगीळ यांनी लिहिलेलं तुकोबांचं इंग्रजी चरित्र जोडलेलं आहे. मराठी गाथेच्या आधी इंग्रजी चरित्र आणि तळाशी पाठभेद, ही जोडी सहसा दुसरीकडे मिळत नाही. पाठभेद आहेत कारण संपादकांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथल्या हस्तलिखितांवरून पाठ ठरवला. मुंबई सरकारने या कामाला २४,००० रुपये दिले होते. त्या काळात ही रक्कम केवढी, याची कल्पना करा. तुकारामतात्या पडवळ यांनी काढलेली १८८९ ची गाथा याहून मोठी, आठ हजारांवर अभंगांची. त्यामुळे एकूण अभंगांच्या संख्येवरूनही दोन्ही वेगळ्या करता येतात, पण तुमच्याकडे एकच भाग असल्याने त्याचा उपयोग कमी.

खात्रीचा मार्ग एकच : पानाशी पान ताडून पाहणं. तुमच्या प्रतीतली कुठलीही तीन-चार पानं घ्या. पानाचा आकडा, पहिला अभंग, शेवटचा अभंग, ओळ कुठे तुटली आणि तळटीप कुठे संपली, एवढं टिपून घ्या. मग शीर्षकपान शाबूत असलेल्या प्रतीशी जुळवा. आर्काइव्ह डॉट ऑर्गवर जुन्या गाथांची स्कॅन आहेत. शिवाय मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ अशा ठिकाणी आधी पत्र किंवा फोन करून विचारा. पुनर्मुद्रणात मजकूर तोच राहतो, पण ओळ तुटण्याची जागा हुबेहूब राखणं छापखान्यात खिळे (टाइप) जुळवणाऱ्याला कठीण. त्यामुळे फरक तिथे सापडतो.

शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची जवळ नसेल तर वाचनालयात जाऊन पाहा. पहिल्या खंडात १८०० ते १९३७ मधली पुस्तकं आहेत. जुन्या आवृत्त्या जमवणाऱ्याला तिच्याशिवाय गत्यंतर नाही.

आणखी एक, पुढच्या खरेदीसाठी : शीर्षकपानावर किंवा त्याच्या पाठीमागे "सन १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे" नोंदणी केल्याचा उल्लेख असेल तर पुस्तक त्या सालानंतरचं, हे नक्की. मराठीत १८६७ पर्यंतच्या छापील ग्रंथांना दोलामुद्रितं म्हणतात ते या कायद्यामुळेच. तुमची गाथा त्या सीमेच्या दोनच वर्षं अलीकडची. अनुच्चारित अनुस्वार पाहून मात्र फार जुनं समजू नका. ते १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपर्यंत सर्रास छापले जात होते.

प्रतिसाद : मोडीवाचक

फोटो मोठा करून पाहिला. मोडीच आहे, आणि सुवाच्य आहे. सुरुवातीचं नाव पाण्याच्या डागात गेलंय, ते मी ओढूनताणून लावणार नाही. पुढचं असं : "...यांचे पुस्तक, शके १८०४ कार्तिक शुद्ध ११, मुक्काम पंढरपूर."

शके १८०४ च्या कार्तिकात ७८ मिळवले की १८८२ येतं. (पौष-माघ-फाल्गुनातली तारीख असती तर ७९ मिळवावे लागले असते, कारण तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं.) म्हणजे हे पुस्तक १८८२ च्या कार्तिकी एकादशीला पंढरपुरात कुणाच्या तरी हातात होतं. १८८९ ची गाथा आणि त्यानंतरची सगळी पुनर्मुद्रणं यामुळे बाद होतात. ओळ नंतर कुणी मुद्दाम लिहिली असेल अशी शंका घ्यायला मला तरी जागा दिसत नाही. शाई कागदात मुरली आहे आणि वळण त्या काळचंच आहे.

समासातल्या "काला" वगैरे शब्दांचेही चांगल्या उजेडात फोटो काढा. सगळ्या पानांचे. डागडुजीच्या आधी.

प्रतिसाद : समासातला

मोडीवाचक, कसे आभार मानू! कार्तिकी एकादशी आणि मुक्काम पंढरपूर हे वाचून अंगावर काटा आला. फोटो काढायला आजच सुरुवात करतो.

प्रतिसाद : कागदकाम

मी कागद-संवर्धनाचं काम करते. म्हणून आधी काय करायचं नाही ते सांगते. कटिंग नाही. लॅमिनेशन नाही. फेव्हिकॉल नाही, तो पुढे कुणालाच सोडवता येत नाही. सेलोटेप स्वतः ओढून काढू नका, कागदाचा वरचा थर तिच्याबरोबर येतो. पाण्याचा हात तर अजिबात लावू नका. समासातली शाई जुनी आहे, ती पाण्यात सुटते की नाही हे कोपऱ्यातल्या एखाद्या ठिपक्यावर तपासल्याशिवाय ओली दुरुस्ती करता येत नाही. ही तपासणीही जाणकाराकडूनच करून घ्या.

तुमचा कागद टिकला याचं कारण बहुधा चिंध्यांचा लगदा. लाकडाच्या लगद्याच्या कागदात आम्ल तयार होत राहतं आणि तो ठिसूळ होतो. तुमच्या कादंबऱ्यांचं तेच झालं आहे. त्या गाथेला चिकटवून ठेवू नका, मध्ये आम्लविरहित कागद घाला.

कसर अजून जिवंत आहे का ते पाहा : पुस्तक पांढऱ्या कागदावर आठवडाभर ठेवा, ताजा भुसा पडतो का बघा. पडत असेल तर आधी पुस्तक पूर्ण कोरडं असल्याची खात्री करा. मग प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत हवाबंद करून उणे १८ ते २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवायचं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, नाहीतर पाणी पुस्तकावर धरतं. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा एवढा थंड नसतो, त्यावर विसंबू नका. डांबरगोळ्या टाकायची सवय असेल तर सोडा. आपले जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायचे, किडीला ते चालायचंही, पण आता कुणी सुचवलं तर नको म्हणा.

शिलाईबद्दल : तुमच्या पुस्तकाची जुजबंदी असणार, म्हणजे प्रत्येक जुज (घडी घातलेल्या पानांचा संच) घडीतून शिवलेला. सुटलेले जुज मूळ भोकांतूनच पुन्हा शिवता येतात, कडेने टोचे मारायची गरज नाही. फाटलेल्या घडीला जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ. जुना पुठ्ठा आणि उरलेलं कातडं ठेवायचं, नवं कातडं त्याच्या खालून सरकवायचं. हे काम मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रात विचारून पाहा. खर्च आणि वेळ दोन्ही जास्त लागेल. तोवर पुस्तक आडवं ठेवा, धुतलेल्या सुती कापडात हलकं गुंडाळून. दोरा आवळून बांधू नका.

प्रतिसाद : निवृत्त ग्रंथपाल

शिक्क्याबद्दल लिहायचं राहिलं होतं. वाचनालयं पुस्तकं निर्लेखित करतात, म्हणजे संग्रहातून रीतसर बाद करतात, तेव्हा दाखल नोंदवहीत तशी नोंद होते, आणि बहुतेक वेळा पुस्तकावरही शिक्का मारतात किंवा दाखल क्रमांकावर रेघ ओढतात. पण "बहुतेक वेळा"च. इमारत बदलताना, पुराच्या वेळी, पदाधिकारी बदलताना गठ्ठेच्या गठ्ठे बाहेर गेलेले मी पाहिले आहेत. त्यामुळे खूण नाही म्हणजे चोरीचं, असं होत नाही. आणि पैसे दिले म्हणून आपलं, असंही होत नाही.

वाचनालयाला सरळ पत्र लिहा. दाखल क्रमांक आणि शिक्क्याचा फोटो जोडा, पुस्तक कुठून घेतलं ते सांगा, आणि नोंदवहीत काय आहे ते विचारा. निर्लेखित असेल तर तसं लेखी मागून घ्या आणि ते पत्र पुस्तकासोबत जपा, पुढे ते कामी येईल. नसेल तर पुस्तक त्यांचं. मग डागडुजीचा खर्च उचलायची तयारी दाखवून, ते नीट राहील अशा जागी ठेवलं जाईल का, हे बोलता येतं. अनेक लहान वाचनालयांना आपल्याकडे काय होतं याचीच कल्पना नसते, सांगितलं तर आनंद होतो.

प्रतिसाद : समासातला

सगळ्यांचे मनापासून आभार. पत्राचा मसुदा लिहून झाला, सोमवारी स्पीड पोस्टाने जाईल. त्यांचं उत्तर येईपर्यंत बांधणीला हात लावणार नाही. मालकी ठरायच्या आधी दुरुस्ती करणं मला पटत नाही. फोटो मात्र सगळ्या पानांचे काढतो आहे. पुस्तक परत द्यावं लागलं तरी समासातल्या खुणांची अभंगवार यादी माझ्याकडे राहील, आणि ती मी इथे टाकेन. फडाच्या परंपरेत वाढलेल्या कुणाला "काकडा" लिहिलेले अभंग पाहून हा कोणत्या फडाचा क्रम आहे हे सांगता आलं तर फार मोलाचं होईल.

पुठ्ठ्याखाली पांढरा कागद घालून पुस्तक ठेवलंय, अजून भुसा पडलेला नाही.

१८७३ चा भाग कुणाकडे असेल तर एवढंच करा : पहिल्या अभंगाच्या पानाचा फोटो, पट्टी शेजारी ठेवून. कागदाची उंची-रुंदी आणि समास किती सोडला आहे ते मला ताडून पाहायचं आहे.